एकच नट, तीन पात्रं: विनोदी मालिकेतला बहुरूपी भाग कसा शूट करावा

विनोदी मालिकेत असा भाग कधी ना कधी येतोच. एकाच नटाने भाचा व्हायचं, आत्या व्हायचं आणि मिशीवाले आप्पाही व्हायचं. कागदावर ते मजेशीर दिसतं. शूटिंगच्या दिवशी दुपारी दोनला मात्र लक्षात येतं की आत्याचा मेकअप उतरवून झालाय आणि तिचे चार शॉट राहिलेत. इथली पद्धत २२ मिनिटांच्या भागासाठी आहे: एक सेट, एक किंवा दोन कॅमेरे, १२ तासांच्या दोन शिफ्ट. प्रेक्षकांसमोर होणाऱ्या स्किटचं गणित निराळं असतं, ते शेवटी येईल.

पडद्यावर दोन माणसं आहेत असं प्रेक्षकाला कधी वाटतं? एक बोलत असताना दुसरा खरंच ऐकतोय असं दिसतं तेव्हा. जोड कितीही बेमालूम असली तरी समोरचं पात्र नुसतं आपल्या वाक्याची पाळी येण्याची वाट बघत बसलं असेल, तर सगळा खेळ उघडा पडतो. म्हणून पुढचं बरंचसं काम त्या ऐकण्यासाठीच करायचं आहे.

उदाहरणादाखल एक गोष्ट धरू. अमरावतीकडचा जुना वाडा विकायचाय. विन्या हा पुण्यात नोकरी करणारा तिशीतला भाचा. ताईआत्या साठीच्या, पुण्यात स्थायिक, नऊवारीतल्या. आप्पा सत्तरीचे, मिशी, धोतर, वाडा सांभाळणारे. तिघंही एकाच नटाने करायची आहेत.

लिहितानाच मोजून घ्या

२२ मिनिटांत पूर्ण लांबीची तीन पात्रं हीच मर्यादा समजा. चौथं हवंच असेल तर फोनवरचा आवाज किंवा दारातून तोंड दाखवून जाणारा कुरियरवाला, तेवढंच. प्रत्येक पात्र दिवसात एकदाच चढवायचं आणि एकदाच उतरवायचं, हा नियम मोडला की शिफ्ट मोडते.

दोन्ही पात्रं एकाच चौकटीत दिसतात त्या शॉटला इथे जोडशॉट म्हणू. त्याचे दोन अर्धे वेगवेगळ्या वेळी घ्यायचे आणि एडिटमध्ये जोडायचे. पूर्ण भागात असे ४ ते ६ शॉट पुरतात. बाकी सगळं सिंगल (एकच पात्र दिसणारे शॉट) आणि सजेशनवर (एकाच्या खांद्यामागून दुसऱ्याचा चेहरा) निभावतं. पहिला जोडशॉट पहिल्या दोन मिनिटांत द्या, म्हणजे प्रेक्षकाच्या मनातली शंका तिथेच मिटते. एक मधे, जिथे वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते. एक शेवटाकडे. उरलेले जिथे विनोद दोघांच्या एकत्र दिसण्यावरच उभा आहे तिथे खर्च करा.

आता महत्त्वाचं. जोडशॉट घेताना कॅमेरा जागचा हलता कामा नये. नट आत्याचा मेकअप उतरवून विन्या होईपर्यंत कॅमेरा तसाच उभा ठेवणं जमतं. पण सकाळी घेतलेल्या आत्येसाठी रात्रीच्या आप्पांपर्यंत तो अडकवून ठेवणं जमत नाही. म्हणून साखळी बांधा: आत्या आणि विन्या एकत्र, विन्या आणि आप्पा एकत्र, पण आत्या आणि आप्पा एका चौकटीत कधीच नाहीत. याचं कारण लेखकाने गोष्टीत शोधायचं. दोघं वीस वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, एक माजघरात आणि एक ओसरीवर, मधे विन्या निरोप नेतोय आणि प्रत्येक फेरीत निरोप बदलतोय. शूटिंगची अडचण होती, तिच्यातून अख्खा सीन मिळाला. बहुरूपी भाग लिहिण्यातली खरी गंमत हीच आहे.

प्रत्येक सीनखाली तीन ओळी लिहून ठेवा: एकत्र कोण दिसतं, सीन कोण पुढे नेतं, कोणती वस्तू कोणाच्या हातात संपते. दिग्दर्शन विभागातल्या सहायकाला दिवसभर याच तीन ओळी लागतात.

विगच्या आधी अंग

लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने पन्नासहून जास्त पात्रं उभी करायचे. मधे मिशी चिकटवायला वेळच नव्हता. दिलीप प्रभावळकरांनी 'हसवाफसवी'त सहा भूमिका केल्या, प्रभाकर पणशीकरांनी १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या 'तो मी नव्हेच'मध्ये पाच. या नटांची पात्रं पाठमोरी असली तरी ओळखू येतात. तिथवर पोचायचं तर प्रत्येक पात्राच्या चार गोष्टी आधी ठरवा.

शरीराचं वजन कुठे आहे: आप्पांचं टाचांवर, विन्याचं चवड्यांवर, आत्यांचं बसल्या बसल्या एका मांडीवर. श्वास केव्हा घेतात: विन्या वाक्याच्या मधे, आत्या वाक्य सुरू करण्याआधी मोठ्याने, आप्पा बोलून झाल्यावर. हात रिकामे असताना काय करतात. आणि चौथी, हातात कायम कोणती वस्तू असते. आप्पांना पानाचा डबा दिला की अर्ध्या वेळा संवाद लागतच नाही, झाकण लावण्याचा आवाजच उत्तर होतो.

नऊवारी आणि सहावारी यांत चाल बदलते. सहावारीत पाऊल आखूड पडतं, काष्ट्याच्या नऊवारीत टांग मोकळी पडते. पुरुष नट सरसकट आखूड पावलांनी ठुमकत चालतो आणि आत्या खोटी वाटायला लागतात. तालीम पहिल्या दिवसापासून नेसूनच करायला हवी.

बोलीचं काम सगळ्यात जास्त अंगावर येतं. वऱ्हाडी म्हणजे हेल काढणं नव्हे. 'मला'चं 'मले', 'तुला'चं 'तुले', 'बोलतोयस'चं 'बोलून राहिला', 'जेवायला'चं 'जेवाले' हे प्रत्येक वाक्यात सांभाळावं लागतं. थकलेला नट रात्री आठला आप्पांच्या तोंडून एक 'मला' काढतोच आणि त्या एका शब्दाने अमरावतीच्या माणसाचा विश्वास उडतो. उपाय साधा आहे. त्या भागात वाढलेल्या माणसाकडून सगळे संवाद मोबाइलवर वाचून घ्या. ते ऐकून संहितेत त्या पात्राचे संवाद वेगळ्या रंगात आणि उच्चाराप्रमाणेच टाइप करा. शूटिंगच्या वेळी हेडफोन लावलेला एक माणूस फक्त बोलीसाठी बसवा.

आवाजाची पट्टी फार ताणू नका. घसा घासून काढलेला म्हाताऱ्याचा आवाज तासाभरात नटाचे बाकीचे दोन आवाजही घेऊन जातो. पट्टी तीच ठेवून वेग, विराम आणि आवाज कुठून निघतो (नाकातून, छातीतून, दातांमागून) एवढं बदललं तरी पुरतं. घशाला त्रास देणारं पात्र दिवसाच्या शेवटी ठेवा.

आदल्या दिवशी पायलट ट्रॅक

ही पायरी गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो. ती गाळली की दुसऱ्या दिवशी सेटवर दोन तास जातात.

आदल्या दिवशी नटाने शांत खोलीत बसून सगळ्या जोड-सीनचे संवाद तिन्ही आवाजांत रेकॉर्ड करायचे. एकेका पात्राचे सलग, मधे जागा सोडून. मग एडिटरने ते तुकडे जोडून खऱ्या संभाषणासारखा एकच ट्रॅक बांधायचा. नट, दिग्दर्शक आणि एडिटर यांनी तो डोळे मिटून ऐकायचा आणि विराम तिथेच पक्के करायचे. एरवी बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण ०.२ सेकंद जातात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात ५ फ्रेम. स्वतःशीच बोलणारा नट नकळत १५ ते २० फ्रेम घेतो, कारण समोरून कोणी ढकलत नसतं. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण सीन रेंगाळतो.

हा चार ओळींचा तुकडा बघा:

विन्या: आप्पा, वाडा विकायचाय.
आप्पा: कोन्या वाड्याबद्दल बोलून राहिला?
विन्या: हाच. आपला.
आप्पा: (डब्याचं झाकण लावतात) मले वाटलं, तू जेवाले आला.

पहिल्या दोन ओळींमध्ये ५ फ्रेमच ठेवा, आप्पांनी लगेच विचारायला हवं. 'हाच' आणि 'आपला' यांच्या मधे विन्याचा आवंढा, १० फ्रेम. 'आपला'नंतर पूर्ण दीड सेकंद काहीच नाही. मग झाकण. झाकणानंतर १२ फ्रेम थांबून शेवटचं वाक्य. हशा त्या वाक्यावर येत नाही, त्यानंतरच्या विन्याच्या चेहऱ्यावर येतो. म्हणून ट्रॅकच्या शेवटी दोन सेकंदांची शांतता मोजून ठेवायची. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. नट बदलला की बदलतील. पण ते आदल्या दिवशी ठरलेले असले पाहिजेत.

हा ट्रॅक हाताशी असला की कोणतं पात्र आधी शूट होतंय याने फरक पडत नाही. नटाच्या कानात तो वाजतो आणि नट स्वतःच्याच दुसऱ्या आवाजाला उत्तर देतो.

मेकअपचा क्रम

क्रम कातडीने ठरवायचा, गोष्टीने नाही. पुरुष नट बाई करणार असेल तर ते पात्र सकाळी पहिलं. पहाटे दाढी केली तरी दुपारी चारच्या सुमारास हनुवटीवर निळसर सावली उमटते आणि एचडी कॅमेरा ती झाकू देत नाही. दाढीच्या भागावर आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात, त्यावर बेस. करेक्टरशिवाय बेसचे थर वाढवत नेले की चेहरा राखेसारखा दिसतो.

त्यानंतर स्वच्छ चेहऱ्याचा विन्या. मिशीचे आप्पा सगळ्यात शेवटी. मिशी स्पिरिट गमने चिकटवतात आणि ती काढताना वरचा ओठ लाल होतो. तो लालपणा तासभर जात नाही, त्यामुळे मिशीनंतर गुळगुळीत चेहरा घेता येत नाही. नटाची खरी मिशी असेल तर ती उतरवावीच लागेल, हे त्याला तारखा घेतानाच सांगा. गम काढायला रिमूव्हरच वापरा. ओढून काढली तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी गम धरत नाही आणि तिथे पुरळ उठतं.

विगची पुढची जाळी कपाळाला सपाट बसायला हवी. उचललेली कड क्लोजमध्ये पांढऱ्या रेषेसारखी चमकते. विगखाली केस बसवणारी टोपी दिवसभर एकच ठेवा, दर वेळी काढली तर कपाळावर वळ राहतो.

दिवसाचं वेळापत्रक साधारण असं बसतं. साडेसातला आत्यांचा मेकअप, सव्वा तास. नऊ ते साडेबारा आत्या. या टप्प्याचा शेवटचा शॉट आत्या-विन्या जोडशॉटमधला आत्यांचा अर्धा भाग. जेवणाच्या सुट्टीत मेकअप उतरतो, कॅमेरा जागेवर, शेजारी एक सहायक पहाऱ्याला. दीडला विन्या तयार, पहिला शॉट त्याच जोडशॉटचा दुसरा अर्धा. मग साडेचारपर्यंत विन्याचे बाकीचे, आणि शेवटी विन्या-आप्पा जोडशॉटमधला विन्याचा भाग. तासाभरात आप्पा, ते नऊपर्यंत. शिवलेली नऊवारी असेल तर नेसणं दोन-तीन मिनिटांचं, खरी नेसायची तर पंधरा मिनिटं जास्त धरा.

जोडशॉट, पायरी पायरीने

१. ट्रायपॉड पक्क्या जमिनीवर, फळ्यांच्या प्लॅटफॉर्मवर नाही. माणूस चालला की फळी लवते आणि दोन्ही अर्धे जुळत नाहीत. तिन्ही पायांवर वाळूच्या पिशव्या टाका. कॅमेऱ्याला थेट लाइनवरून वीज द्या आणि रेकॉर्डिंग बाहेरच्या रेकॉर्डरवर घ्या, नाहीतर बॅटरी किंवा कार्ड बदलताना कॅमेऱ्याला हात लागतो.

२. फोकस, आयरिस, आयएसओ, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. शटर १/५०, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. लेन्स आणि बॉडी दोन्हींचं स्टॅबिलायझेशन बंद. हे एकच बटण विसरल्याने सगळ्यात जास्त जोडशॉट वाया जातात. ट्रायपॉडवर असूनही चित्र किंचित तरंगतं, सेटवर दिसत नाही, एडिटला दिसतं.

३. जोडाची रेघ, म्हणजे दोन अर्धे जिथे जुळतात ती, सेटवरच्या उभ्या वस्तूवर ठेवा: खांब, दाराची चौकट, कपाटाची कड. तिच्या आसपास हलणारं काहीही नको. पंखा बंद, पडदा टाचलेला, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे थांबवलेले. खिडकीतून खरं ऊन येत असेल तर बाहेरून काळं कापड लावून लाइट मारा, कारण दुसरा अर्धा तासाभराने होणार आहे आणि तोवर ऊन सरकलेलं असतं.

४. सावल्या तपासा. एका पात्राची सावली रेघ ओलांडून दुसऱ्याच्या भिंतीवर पडली, तर जोडल्यावर ती मधेच कापलेली दिसते. पात्रं भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे आणि लाइट मऊ, बाजूने.

५. रिकाम्या सेटचा १५ सेकंदांचा शॉट घ्या. पहिल्या अर्ध्याआधी एकदा, दोन्हींच्या मधे एकदा, शेवटी एकदा. एडिटमध्ये काही अडलं तर याच शॉटने भोक बुजतं.

६. पहिला अर्धा. पलीकडे डबल (दुसऱ्या पात्राच्या जागी बसणारा माणूस) बसून लुक देतो, म्हणजे नटाने कुठे बघायचं ते ठरतं; नटाच्या कानात पायलट ट्रॅक. ओके टेक कोणता ते तिथल्या तिथे ठरवा. 'दोन्ही ठेवू, नंतर बघू' इथे चालत नाही, कारण दुसरा अर्धा नेमका त्या टेकला जुळवायचा असतो.

७. सेट गोठवा. खुर्चीच्या चारही पायांना टेप, वस्तूंचे फोटो, आणि आर्टच्या मंडळींसह सगळे सेटबाहेर. कोणीतरी सवयीने गादी नीट करतं आणि रेघेवरची सुरकुती बदलते.

८. दुसरा अर्धा. मल्टीकॅमचं व्हिजन मिक्सर (अनेक कॅमेऱ्यांची चित्रं मिसळणारं यंत्र) उपलब्ध असेल तर ओके टेक आणि चालू कॅमेरा अर्धा-अर्धा मिसळून मॉनिटरवर लावा. दोन्ही पात्रं एकमेकांशेजारी अर्धपारदर्शक दिसतात, हात रेघेपार गेला की लगेच कळतं. मिक्सर नसेल तर एडिटरला लॅपटॉप घेऊन सेटवर बसवा.

शॉट ४के मध्ये घेतला आणि भाग एचडीत द्यायचा असेल, तर एडिटमध्ये दुपटीपर्यंत आत जाता येतं किंवा हलकं पॅन करता येतं. कॅमेरा हलल्याचा आभास होतो आणि लॉक शॉटचा (कॅमेरा न हलवता घेतलेल्या शॉटचा) ताठरपणा जातो.

नजर

चुकीचा लुक ही सगळ्यात लवकर पकडली जाणारी चूक. डबल नटापेक्षा चार बोटं उंच असेल, तर आत्या विन्याच्या कपाळावर बघत बोलतात. शूटिंगआधी प्रत्येक पात्राच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा, उभं आणि बसलेलं दोन्ही. आप्पा वाकलेले म्हणून दहा-बारा सेंटिमीटर खाली येतात. ती मापं वहीत लिहा. डबल बसलेला असताना उशी घालून किंवा काढून डोळे त्याच उंचीवर आणा. डबल नसेल तर स्टँडवर त्या उंचीला टेपचा छोटा गोळा. तोही पुरतो, फक्त नटाने गोळ्यावर डोळे रोखून ठेवायचे नाहीत. माणूस बोलताना समोरच्याच्या दोन डोळ्यांवरून तोंडाकडे, तिथून हाताकडे असा फिरतो. गोळ्याकडे बघतानाही ते फिरणं यायला हवं.

डबल कसा निवडावा

खांद्याची रुंदी, मान आणि कान. चेहऱ्याची काही गरज नाही. सजेशनमध्ये मागून कान स्पष्ट दिसतो आणि कानावरूनच डबल ओळखू येतो. कान वेगळे असतील तर विगचे केस किंवा पदर तिथवर आणा. प्रत्येक पोशाखाचे दोन संच लागतात, घड्याळ-अंगठ्यांसकट. डबल चौकटीच्या पाचव्या भागापेक्षा जास्त व्यापणार नाही आणि फोकसबाहेर राहील असं बघा. ८५ मिमीची लेन्स आणि एफ २.८ असेल तर काळजी उरत नाही.

डबल म्हणून मोकळा असलेला कोणीही उभा करण्याची पद्धत आहे, तिचा तोटा फार होतो. सिंगल शॉटमध्ये नट त्याच्याकडे बघून बोलतो. त्याने वाक्य सपाट वाचलं तर नटाची प्रतिक्रियाही सपाट येते, आणि भागातले बहुतेक शॉट सिंगलच असतात. अभिनय येणारा माणूस घ्या, त्याला तिन्ही पात्रांचे संवाद पाठ हवेत. तालमीत अदलाबदल करा: नट आप्पा करेल तेव्हा डबल विन्या, मग उलट. डबलने नटाची नक्कल शिकायची, विराम-हात सगळ्यासकट. चांगल्या डबलवर खर्च केलेला दिवस कोणत्याही इफेक्टपेक्षा जास्त देतो.

वस्तू देणं-घेणं, स्पर्श

आप्पा विन्याला चहाचा कप देतात. लॉक शॉटमध्ये कप रेघ ओलांडून नेऊ नका. आप्पा हात पुढे करतात, तिथे कट. इन्सर्टमध्ये (मधे घातलेल्या जवळच्या शॉटमध्ये) फक्त दोन हात आणि कप, एक हात नटाचा, एक डबलचा. मग विन्याच्या हातात कप घेतलेला जोडशॉट. डबलच्या हाताला तोच बेस लावा, नखंही तशीच कापा. पाठीवर थाप, कान पिळणं, टपली हे सगळं सिंगलमध्ये, चौकटीबाहेरून आलेल्या डबलच्या हाताने.

एक पात्र दुसऱ्याच्या पुढून चालत जायचं असेल तर प्रत्येक फ्रेम हाताने कापावी लागते. चार सेकंद म्हणजे १०० फ्रेम. तेवढा वेळ नसेल तर चालणं टाळा.

क्रोमा (एकरंगी कापडासमोर शूट करून मागचं चित्र नंतर भरणं) लावायचा झाला तर हिरव्या कापडासमोर आत्यांच्या हातातला हिरवा चुडा गायब होतो, मनगटातून मागची भिंत दिसते. हिरवा काठ, पानाच्या डब्यातली पानं, यांचंही तेच. निळं कापड घ्या आणि निळा रंग पोशाखातून काढा.

ऐकण्याचे शॉट

प्रत्येक पात्र मेकअप उतरवण्याआधी त्याचे फक्त ऐकण्याचे क्लोज घ्या, प्रत्येक सीनमागे एक ते दीड मिनिट. पायलट ट्रॅक स्पीकरवर मोठ्याने लावा, नट बोलणार नाही, ऐकत राहील. ओठ हलवायचे नाहीत, ही सवय नटाला मोडावी लागते, कारण दुसऱ्याचेही संवाद त्यालाच पाठ असतात. दुसरी सवय आधीच हसण्याची. पुढचं वाक्य काय आहे हे नटाला माहीत असतं, पात्राला नसतं. यावर एक उपाय चालतो: एका टेकला डबलला मूळ वाक्याऐवजी वेगळंच काही बोलायला सांगा, नटाला न सांगता. त्या क्षणी चेहऱ्यावर येतं ते खरं ऐकणं असतं आणि आवाज तर वापरायचाच नसतो.

याच वेळी सेटवरच्या शांततेचा ३० सेकंदांचा आवाजही रेकॉर्ड करा, एसी-जनरेटरची स्थिती तीच असताना. सकाळच्या आत्या आणि रात्रीचे आप्पा एकाच खोलीत बोलतायत असं वाटायला तो खाली पसरावा लागतो. एकमेकांचं वाक्य तोडणं सेटवर कधीच रेकॉर्ड करू नका, प्रत्येक आवाज स्वच्छ घ्या आणि तोडातोड एडिटमध्ये.

एडिट

रेघेला १० ते २० पिक्सेलचा मऊपणा पुरतो. त्याहून जास्त दिला की दोघांच्या मधे धुक्याचा पट्टा दिसतो. दोन्ही अर्ध्यांचा रंग रेघेवरच्या भिंतीवरून जुळवा, चेहऱ्यावरून नाही.

जोडशॉटचा मोठा फायदा असा की दोन्ही अर्धे वेळेत स्वतंत्रपणे सरकवता येतात. आप्पांचं उत्तर दोन फ्रेम आधी, तीन फ्रेम नंतर, करून बघा. मात्र ऐकणाऱ्याची पापणी आणि मान बोलणाऱ्याच्या कोणत्या शब्दावर हलते तेही बघा. 'विकायचाय'वर मान वळली तर जिवंत, त्याच्या आधी वळली तर खोटी. संपूर्ण सीन एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा चित्र बंद करून ऐका. आवाज बंद असतानाही तीन माणसं दिसली पाहिजेत, आणि डोळे मिटल्यावरही तीनच ऐकू यायला हवीत.

प्रेक्षकांसमोरचं स्किट

इथे जोडशॉट नाही, तर एका पात्राने जायचं आणि दुसऱ्याने यायचं. पोशाख बदलायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून दहा वेळा मोजा आणि सगळ्यात वाईट आकडा धरा. तो ४५ सेकंद आला तर रंगमंचावरच्या सहकलाकाराला ६० सेकंदांचा मजकूर द्या. विनोदी बोलणं सेकंदाला दोन ते अडीच शब्दांनी जातं, म्हणजे १२० ते १५० शब्द. हशे आले तर वेळ वाढतोच, पण हशे धरून मजकूर कमी करू नका. त्या दिवशी प्रेक्षक गप्प बसले तर सहकलाकार उघड्यावर पडतो. खाली चार ओळी जादा लिहून ठेवा, त्या बोलल्या नाहीत तरी गोष्ट अडू नये अशा.

उजवीकडून गेलेला माणूस डावीकडून येणार असेल तर पडद्यामागचं अंतर चालून मोजा, वायरी टेपने दाबा, वाटेत मंद दिवा ठेवा. बटणं दिसायला वर शिवलेली, खाली वेलक्रो. धोतर-नऊवारी शिवलेली, कमरेला इलॅस्टिक. विन्याचा टी-शर्ट आप्पांच्या सदऱ्याखाली आधीपासूनच. मिशी गमने न चिकटवता वैद्यकीय दुहेरी टेपने, तीन मिशा टेप लावून तयार, कारण पहिली घामाने सुटते. नट नाकाखालचा घाम टिपेल आणि मगच मिशी लावली जाईल, हा क्रम तालमीतच अंगवळणी पाडा. विंगेत टेबलावर वस्तू घालायच्या क्रमाने मांडा, डावीकडून उजवीकडे. मदतीला दोनच माणसं, एक कमरेच्या वर, एक कमरेच्या खाली, तिसरा आला की हात अडकतात. नट स्वतः काहीच घालत नाही, हात बाजूला धरून उभा राहतो आणि पुढच्या पात्राचं पहिलं वाक्य त्या पात्राच्या आवाजात पुटपुटतो. रंगमंचावर आवाज आधी येतो, माणूस मागून: विंगेतूनच आप्पांची खाकरी आणि 'काहून रे?' ऐकू आलं की मागे शेवटची गाठ बांधायला आणखी तीन सेकंद मिळतात.